शेवटची पट्टी उजव्या हाताची

"मावशी, ऐकू येतंय, का नुसतंच वाजतंय?"

मंडपात स्पीकर लावून झाले की आमचे साउंडवाले दादा माइकवर "हॅलो, हॅलो" कधी करायचे नाहीत. एखादं गाणं लावायचे आणि उठून थेट शेवटच्या रांगेपर्यंत चालत जायचे. तिथे बसलेल्या एखाद्या म्हातारीपुढे उकिडवे बसून हा प्रश्न विचारायचे. ती "वाजतंय बाबा" म्हणाली की परत जागेवर येऊन काहीतरी फिरवायचे आणि पुन्हा मागे जायचे. "आता शब्द कळले" असं ती म्हणेपर्यंत ही येरझार चालायची. तुमच्याही गल्लीत साउंडवाला असेलच. तो मागे जाऊन कधी ऐकतो का, एकदा बघा.

नाशिकमधल्या, सातपूरकडच्या आमच्या कॉलनीत सगळे त्यांना दादाच म्हणायचे. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे एक कॅसेट डेक, एक अँप्लिफायर आणि स्वतः सुताराशेजारी बसून करून घेतलेले दोन मोठे खोके होते. लग्न, बारसं, एप्रिलमधली जयंती, काहीही असो, आधी दादांना विचारायचं आणि मग तारीख धरायची. माणूस बारीक, शर्ट कायम इस्त्रीचा, आणि बोलणं असं हळू की एवढे मोठे स्पीकर ह्यांच्याच मालकीचे आहेत का, अशी शंका यावी.

गाणं मध्येच तोडलेलं मात्र त्यांना अजिबात खपत नसे. "गाणं उतरवायचं असतं, ताई. वरनं टाकायचं नसतं," म्हणायचे. माझ्या लग्नात आमचे एक मामा स्टेजजवळ जाऊन अडून बसले, हे रडकं बंद करा आणि नाचायचं लावा. दादा शांतपणे म्हणाले, "मामा, हे गाणं आत्ता कुठं दारात आलंय. पाणी तर पिऊ द्या त्याला." मामा असे तापले की बास! पण गाणं पूर्ण झालं, अलगद खाली आलं, आणि मगच मामांचं लागलं. मामा मग इतके नाचले की चष्मा कुठे पडला तेही त्यांना कळलं नाही.

आमच्याकडे बुद्धवंदनेच्या आधी गाणी थांबवतात. भन्ते येऊन बसले, लोक हात जोडून उभे राहिले, की आवाज बंद करायचा, एवढंच काम. दुसरे साउंडवाले खट्कन बटण दाबतात. दादा मात्र आवाज असा खाली आणायचे की गाणं नक्की कधी संपलं ते सांगता येत नसे. बोलणारे आपोआप गप्प व्हायचे, पोरं आयांच्या मांडीवर बसायची, आणि मग वंदना सुरू व्हायची. हे काम ते उजव्या हाताच्या दोन बोटांनी करत. भाजीत चिमूटभर मीठ टाकावं तशी ती दोन बोटं दिसायची. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. आवाज कमी करायला काय अक्कल लागते, असंच वाटायचं.

पुढे कॅसेट गेल्या, सीडी आल्या. मी कॉलनीतच कॉम्प्युटर क्लास काढला, जोडीला पत्रिका छापायचं काम. दादांचं बरं चाललं होतं. आणि एका वर्षी दिवाळीच्या आधी, सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. उचलायला वाकले, तर हात उचलेना.

पॅरालिसिसचा झटका होता. पाय महिन्या-दोन महिन्यांत थोडा थोडा आला, जीभ जराशी जड राहिली, पण उजवा हात काही येईना. भेटायला गेले तर खाटेवर बसले होते आणि तो हात उशीवर ठेवला होता.

"हे आमचे जावईबापू," त्या हाताकडे बघून म्हणाले. "बसून असतात. तेल लावा, शेक द्या, कुरवाळा. कामाचं नाव काढायचं नाही."

मी हसले. वहिनी हसल्या नाहीत. दादांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. त्या निफाडकडच्या, भावाच्या द्राक्षबागेत हंगामात पॅकिंगला जाणाऱ्या, हाताच्या चपळ आणि तोंडाच्याही. "बसू द्या जावयाला," त्या म्हणाल्या. "मी कामाला नाय लावला तर बघा."

डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता. वहिनींना तो पसंत नव्हता. चेंडू दाबला तर जोर किती लागला ते कळतं का कुणाला, असं त्यांचं म्हणणं. हंगाम सुरू झाला तशा त्या भावाकडून द्राक्षं आणायला लागल्या. ताटात घड ठेवायचा आणि दादांनी उजव्या हाताने एकेक मणी देठापासून सोडवायचा, तोही न फोडता. फुटलेला मणी त्यांनीच खायचा. "पोट भरलं गं माझं," दादा कळवळून म्हणायचे, म्हणजे आज सगळे फुटले असं आम्ही समजायचो.

अशातच एक दिवस ते पाय ओढत माझ्या क्लासमध्ये आले. दुपारची वेळ होती, बॅच सुटलेली.

"ताई, आता पोरं लॅपटॉपवर वाजवतात. त्याला ते मिडी कंट्रोलर म्हणून काहीतरी जोडतात. तसलं कुठलं घ्यावं ते मला नेटवर बघून सांग."

"दादा, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही."

"आणि मला इंग्रजीतलं. दोघं मिळून एक शहाणा होईल का बघू."

मला खरं तर रागच आला. आधी हात बरा करायचा का लॅपटॉप घेत बसायचं? तसं तोंडावर म्हणालेही. तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "जयंतीला दुसरा साउंड सांगायचं चाललंय मंडळात. मला कुणी बोलत नाही, पण चाललंय. या एप्रिलला मी बसून राहिलो ना ताई, तर पुढं बसलेलाच राहीन." मी गुपचूप कॉम्प्युटर चालू केला.

मग आम्ही दोघे दुपार दुपार वाचत बसलो. मी वाचून मराठीत सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे. मला हळूहळू एवढं कळलं की त्या यंत्रात स्वतःचा आवाज नसतो. गाणी लॅपटॉपमध्ये असतात. यंत्रावरचं बटण दाबलं किंवा पट्टी सरकवली की लॅपटॉपला नुसता निरोप जातो, अमुक बटण दाबलं, तमुक पट्टी एवढी सरकली. त्या निरोपावर काय करायचं, ते लॅपटॉपला आपण सांगून ठेवायचं. काही यंत्रं मोठी होती, दोन बाजूंना दोन तबकड्या, मध्ये पट्ट्या, प्रत्येकावर त्याचं काम छापलेलं. काही छोटी, साधी. त्यांच्यावर फिरवायची बटणं, सरकणाऱ्या पट्ट्या, दाबायचे रबरी चौकोन होते, पण कशावरच काही लिहिलेलं नव्हतं. मला अर्थातच मोठं आवडलं. पैसे घालायचे तर दिसेल तरी काहीतरी!

"ह्या छोट्याला काम कसं कळतं?" त्यांनी विचारलं.

"स्क्रीनवर ‘शिका’ म्हणायचं आणि हवं ते बटण हलवायचं. झालं, शिकलं ते."

"एकदाच हलवायचं?"

"एकदाच."

दादा मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "नशीबवान आहे." मी चहा करायला उठले.

एम. जी. रोडवरच्या एका दुकानात अशी यंत्रं आल्याचं कळलं, तेव्हा दादा, वहिनी आणि मी रिक्षा करून गेलो. दुकानदार तरुण होता, स्वभावाने चांगला. त्याने मोठं यंत्र पुढे ठेवलं आणि तबकड्या फिरवून दाखवल्या. दादांनी डावा हात डाव्या तबकडीवर ठेवला. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून उजव्या तबकडीवर ठेवला. तो तिथून घसरून खाली आला. दुकानदार दुसरीकडे बघायला लागला. मला त्या मोठ्या यंत्राची एकदम शिसारी आली.

मग दादांनी छोटं मागितलं. ते कसं तपासलं म्हणता! आधी काउंटरवर ठेवून एका बोटाने ढकलून बघितलं. "मला धरून ठेवायला दुसरा हात नाही, हे सरकलं तर काय करू?" खालचे रबरी पाय घट्ट होते, सरकलं नाही. वेगळा चार्जर लागतो का, विचारलं, कारण मंडपातली वीज जाते-येते. त्याला वीज लॅपटॉपकडूनच मिळत होती. रबरी चौकोन दाबून बघितले, बोटाला न बघता सापडतात का म्हणून. सगळ्यांत जास्त वेळ पट्ट्यांवर घालवला. फार सैल नको, फार घट्ट नको, आणि लांब हवी, म्हणजे आवाज उतरवायला जागा मिळते. ओळीने लावलेल्या पट्ट्या त्यांनी डाव्या अंगठ्याने एकेक करून खाली आणल्या.

"काका, मी सगळं सेटिंग एका हाताचं करून देतो," दुकानदार म्हणाला. "सगळं डावीकडे आणतो. तुम्हाला दुसरा हात लागणारच नाही."

दादांचा चेहरा असा उजळला! कितीतरी महिन्यांनी तो तसा बघितला. "करता येतं ना? मग झालं की," ते म्हणाले.

"नाय," वहिनी म्हणाल्या.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"सगळं डाव्याला दिलं तर हा हात काय करंल? कामच नाय म्हटल्यावर मरंल तो. मी रोज एवढी मरमर करते, ती कशासाठी?"

"अगं, मंडपात लोक उभे असतात," दादा म्हणाले. "तिथं काय माझा व्यायाम करू? गाणं तुटलं तर?"

"तुटू द्या एखादं."

"तुला नाही कळायचं ते."

"मला नाय कळत? तुमच्या हाताचं मला नाय कळत?" वहिनींचा आवाज चढला, आणि डोळेही भरले. "तुम्ही सोडून दिलाय तो. दुकानात यायच्या आधीच सोडून दिलाय. एका हाताचं मशिन घ्या, आन घरी येऊन त्या हाताला बांधून ठेवा गळ्यात."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. मला दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत. दादांना एप्रिल हवा होता. वहिनींना तो हात हवा होता. आणि दोघांनाही जे हवं होतं ते त्या काउंटरवरच्या काळ्या डब्यातून मिळेल की नाही, ते मला कुठे माहीत होतं!

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "ताई, ह्याला एकदा शिकवलेलं बदलता येतं का?"

"येतं. पुसायचं आणि दुसरं शिकवायचं. कितीही वेळा."

"म्हणजे आज डाव्याला दिलेलं काम उद्या उजव्याला देता येतं?"

"येतं की."

"आन मोठ्याला?"

दुकानदार म्हणाला, "त्याला पण येतं मावशी, पण त्याची बटणं त्याच त्याच जागी ठरलेली. दोन हातांसाठीच बनवलंय ते."

"मग हे बारकंच द्या," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन उजवीकडच्या अगदी शेवटच्या पट्टीवर बोट ठेवलं. "सगळं घ्या डाव्याला. ही शेवटची पट्टी उजव्या हाताची. हिला डावा लावायचा नाय." दादांनी त्यांच्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, आणि मान हलवली. अशा रीतीने आमचं यंत्र ठरलं.

त्या पट्टीला काम कुठलं द्यायचं, ते दादांनी ठरवलं. मला वाटलं, एखादं सोपं, चुकलं तरी न कळणारं देतील. त्यांनी दिलं सगळ्यांत शेवटचं काम, सगळा आवाज एकत्र खाली आणायचं.

"दादा, डोकं ठिकाणावर आहे ना? भर मंडपात घोटाळा होईल."

"जावयाला हलकं काम सांगितलं तर तो मन नाही लावायचा, ताई."

सराव माझ्या क्लासमध्येच चालायचा. डावा हात भराभर शिकला. गाणं निवडणं, दुसरं तयार ठेवणं, एकातून दुसऱ्यात जाणं, सगळं त्याने उचललं. शेवटच्या पट्टीचं मात्र विचारू नका. कधी हात पट्टीवर पडायचा आणि आवाज धाडकन बंद. कधी हात तिथेच अडकून बसायचा आणि गाणं ढणाढणा चालूच. दादा एकदा इतके चिडले की डाव्या हाताने उजव्याला फटका मारला. वहिनी बाजूच्या बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या, तो हात स्वतःच्या हातात घेऊन नुसत्या बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "परत लावा गाणं."

मंडळात दादाच वाजवणार असं ठरलं. कसं ठरलं ते सांगते, वहिनी सेक्रेटरींच्या घरी गेल्या आणि ठरवून आल्या.

जयंतीच्या दिवशी सकाळी विहारासमोरच्या अंगणात सगळी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत जमली होती. निळे झेंडे लागले होते. दादांनी टेबलावर लॅपटॉप आणि तो काळा डबा मांडला होता. शर्ट इस्त्रीचा. उजव्या हाताला वहिनी उभ्या, त्यांच्या मागे मी. सुरुवात झकास झाली. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांना काही कळलंही नसतं. शेवटच्या रांगेत मात्र त्या दिवशी दादांच्या वतीने मीच जाऊन विचारून आले.

भन्ते आले, बसले. लोक उभे राहिले. सेक्रेटरींनी हाताने खूण केली. दादांनी उजवा हात उचलला, स्वतःचा स्वतः, आणि शेवटच्या पट्टीवर ठेवला.

हात हलला नाही.

गाणं चालूच होतं. सेक्रेटरींनी पुन्हा खूण केली. हात जोडून उभे असलेले लोक वळून टेबलाकडे बघायला लागले. दादांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. डावा हात तिथेच, वीतभर अंतरावर मोकळा होता. एका बोटाचं काम होतं. मला कुठला दम निघतोय! मी हात पुढे केला, तर वहिनींनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली. "थांबा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

गाण्याचं शेवटचं कडवं सुरू झालं होतं. आणि पट्टी सरकली. थोडी सरकली, अडली. आवाज एक पायरी उतरला. पुन्हा थोडी, पुन्हा अडली. मागच्या रांगेतल्या बायका आपल्याच नादात ते कडवं गुणगुणायला लागल्या होत्या. स्पीकरमधला आवाज कमी होत गेला तसा त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. शेवटी नुसता त्यांचाच राहिला, आणि मग तोही थांबला. भन्तेंनी वंदना सुरू केली.

मी रडत होते. वहिनी रडत नव्हत्या. त्या हात जोडून वंदना म्हणत होत्या, खणखणीत आवाजात.

कार्यक्रम झाल्यावर दादांनी मला बोलावलं. "खरं सांग. मध्ये तुटल्यासारखं वाटलं?"

"वाटलं. दोनदा."

"दोनदाच ना?" म्हणाले आणि किती तरी वेळ हसत राहिले.

त्यानंतर काही वर्षं ते वाजवत राहिले, कॉलनीपुरतं, जमेल तेवढं. तो हात त्याच्यापुढे फारसा गेला नाही. बटण लावणं, घास उचलणं नाहीच जमलं. पण ती पट्टी तो ओढायचा, आणि घरी वहिनी त्याच्याकडून हंगामात द्राक्षं आणि एरवी भिजवलेले वाटाणे वेचून घ्यायला चुकत नव्हत्या. मी कधी म्हणायची, "वहिनी, आता पुरे करा, एवढंच यायचं होतं ते आलं." त्या म्हणायच्या, "आलंय ते जायला नको ना पण."

आता दादा नाहीत. ती साउंड सिस्टिमही विकली गेली. जयंतीला दुसरेच लोक वाजवतात, चांगलं वाजवतात, मी नावं ठेवणार नाही. वंदनेच्या आधी मात्र माझं लक्ष त्यांच्या टेबलाकडे जातं आणि ते खट्कन बंद करतात.

जाण्याआधी दादांना दुसरा झटका आला होता. ह्या वेळी डावी बाजू गेली. सगळं करणारा, सगळं शिकलेला तो डावा हात एका सकाळी गेला, आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. ते पडून होते, डोळे उघडे. वहिनी जवळ खाली बसल्या होत्या. डावा हात पांघरुणात होता. उजवा बाहेर होता, खाटेच्या कडेवर, आणि त्याची दोन बोटं हलत होती.

"पाणी पायजे म्हणतात," वहिनी म्हणाल्या. त्यांनी चमच्याने पाणी पाजलं. "एवढाच राह्यलाय आता, ताई. हो म्हणायला हाच, नको म्हणायला हाच. कूस बदलायची तरी ह्यानंच सांगतात."

मी त्या हातावर हात ठेवला. गरम होता. थोडा वेळ बसले आणि उठायला लागले, तशा वहिनीही उठल्या. "चहा टाकते, घेतल्याशिवाय जायचं नाय."

पण त्यांना उभं राहता आलं नाही. पदराचं टोक दादांच्या त्या दोन बोटांत होतं.

"सोडा हो. ताईला चहा करते," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी सोडलं नाही. वहिनींनी हळूच ओढून बघितलं. बोटं आणखी आवळली. मग वहिनी परत खाली बसल्या, आणि चहा मी केला.